मागचं दार आतून उघडत नाही

गाडीची तक्रार सांगायला माणूस आला की तो आधी तोंडाने आवाज काढतो. कुणी 'टरर्र' करतो, कुणी 'खुळुक खुळुक'. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक साहेब माझ्या काउंटरसमोर उभे राहून डबक्यातल्या बेडकासारखे ओरडले होते आणि मी अजिबात न हसता 'पुढच्या डाव्या चाकाचा आवाज' असं टिपून घेतलं होतं. जळगावच्या हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये माझं सगळं कामाचं आयुष्य असे आवाज ऐकण्यात गेलं. हुद्दा होता सर्व्हिस ॲडव्हायझर. म्हणजे ना धड मेकॅनिक, ना धड मालक. गाडीवाल्याचं म्हणणं समजून घ्यायचं, ते मेकॅनिकला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि मेकॅनिकने काय केलं ते पुन्हा गाडीवाल्याला समजावायचं. दुभाष्याचंच काम.

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी मला आयटीआयला मोटर मेकॅनिकला घातलं तेव्हा अख्ख्या क्वार्टर्समध्ये चर्चा झाली. पुढे काउंटरवर बसले तेव्हा सुरुवातीला लोक विचारायचे, "मॅडम, सांगायचं कुणाला?" मग सवय झाली. मग 'मॅडम'ची 'अक्का' झाले. आणि अक्का म्हटल्यावर मग गाडीपुरतं कुणी थांबत नाही. माझा नंबर गाडीच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला असायचा, पुढची सर्व्हिस कधी ते सांगणाऱ्या स्टिकरवर. त्या नंबरावर मला इन्व्हर्टरच्या बॅटरीत कोणतं पाणी घालायचं हे विचारलेलं आहे. कुकरची वाफ बाजूने का जाते, वॉशिंग मशीन नाचतं का, गॅस गिझर लावला की बाथरूममध्ये डोकं का जड होतं, हेही विचारलेलं आहे. या शेवटच्या बाईंना मी म्हटलं होतं, "आधी खिडकी उघडा, गिझर बंद करा, मग बोलू." त्या मला अजून दिवाळीला फोन करतात.

आमच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. माणूस जी तक्रार सांगतो ती खरी असते, पण तिचं कारण त्याने सांगितलेल्या जागी नसतं. साक्रीकडचे एक गुरुजी आले, अगदी रडकुंडीला. गाडीत एसी लावला की दारूचा वास येतो. स्वतः माळकरी. बायकोने बोलणं टाकलेलं. आमचे फोरमन रशीदभाई यांनी डॅशबोर्डच्या आतली एसीची पेटी उघडली, तर उंदराने तिच्यात मूठ मूठ मोहाची फुलं साठवून ठेवलेली. ती ओलीने आंबली होती. गुरुजींनी ती फुलं पिशवीत भरून बायकोला दाखवायला नेली. मी चार दिवस हसत होते.

पण आज सांगायचं आहे ते हसण्याचं नाही. ते आठवलं की अजूनही हातातलं काम थांबतं.

आमच्याकडे एक आप्पा यायचे. अमळनेर तालुक्यातले, कापसाचे व्यापारी. नाव सांगत नाही. असा ग्राहक देवाने प्रत्येक वर्कशॉपला द्यावा. दिलेली वेळ पाळणार, पोरांवर कधी आवाज चढवणार नाही, हिवाळ्यात भरिताची वांगी आणणार तीसुद्धा सगळ्या स्टाफला पुरतील एवढी. एकदा त्यांची गाडी आली तर मागचं सीट रक्ताने भिजलेलं. पारोळ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवाला पडला होता. लोक बघून पुढे जात होते, आप्पांनी त्याला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. ते सीट कव्हर काढताना मी आमच्या नव्या पोरांना म्हटलं होतं, माणूस असा असावा.

आप्पांबरोबर कधी कधी घरचे असत. मुलगा दिनेश गाडी चालवायचा. मुलगी मयुरी नर्सिंगचं शिकत होती, तोंडाने फटकळ, आल्या आल्या मला विचारायची, "अक्का, बाईने गाडीखाली जायचं म्हणजे कपडे कोणते घालायचे हो?" आणि मयुरीची आई. त्या मागच्या सीटवर बसलेल्या असायच्या. मी काच खाली करून "काकू, चहा?" म्हणायचे, त्या मान हलवून नको म्हणायच्या. इतक्या वर्षांत आमचं एवढंच बोलणं.

मे महिना होता. जळगावचा मे म्हणजे दुपारी बोनेटला हात लावला तर फोड येईल. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. बाईचा आवाज, अगदी दबका.

"अक्का, गाडीनं मांगलं दार आतून कसं उघडस?"

मला वाटलं, मूल अडकलं. मी उभीच राहिले. "पोरगं आत आहे का? एसी चालू आहे का?"

"नही. ल्हानं पोर नही. मोठं मानूस शे."

मी जरा सावरले. चाईल्ड लॉक असेल, म्हटलं. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून मागच्या दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो फिरवला की आतलं हँडल कितीही ओढा, दार उघडत नाही. "काच खाली करायची," मी सांगितलं, "हात बाहेर काढायचा आणि बाहेरचं हँडल ओढायचं. उघडतं."

"आनि काच बी पुढूनच बंद करेल व्हई ते?"

ड्रायव्हरच्या दाराला एक बटण असतं, ते दाबलं की मागच्या काचाही मागच्यांच्या हातात राहत नाहीत. मी म्हटलं, "मग आतून काही होत नाही बाई. बाहेरच्या माणसानेच उघडायला पाहिजे."

ती म्हणाली, "बाहेरनं मानूस," आणि फोन बंद झाला.

मी लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गाडीत मोठं माणूस, मागची दारं बंद, काचा बंद, आणि ते आधीच ठाऊक असलेली एक बाई. डबा उघडला होता, तो तसाच मिटला. पोलिसांना कळवायचं तर काय कळवायचं? नाव नाही, गाव नाही, गाडीचा नंबर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन आला. "अक्का, गाडी गरम झाली. काटा पार वर गेला. पाळधीच्या पुढे उभे आहोत. आम्हाला बऱ्हाणपूरला वेळेत पोचायचंय." मी सांगितलं, बोनेट उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येईल. आमची गाडी पाठवते. दोर बांधून त्यांना वर्कशॉपमध्ये आणलं.

दिनेश ड्रायव्हरच्या जागेवर, शेजारी आप्पा. मागे काकू आणि मयुरी. मी नेहमीसारखी पुढे गेले आणि मयुरीकडे बघून थांबले. भरजरी साडी, हातभर बांगड्या, आणि चेहरा असा की तापातून उठलेल्या माणसाचा बरा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही.

"या, आत कूलरपाशी बसा," मी म्हटलं.

"बाया गाडीतच बसतील," आप्पा म्हणाले. अगदी शांतपणे, वांगी देताना बोलायचे त्याच आवाजात.

त्या उन्हात, एसी बंद पडलेल्या गाडीत. मी आप्पांच्या तोंडाकडे बघितलं. मग दिनेशकडे बघितलं. तो उतरून मागच्या दाराला पाठ लावून उभा होता. आणि मला कालचा फोन ऐकू आला. दुसरा कुणी असता तर मला राग आला असता. आप्पा होते म्हणून आधी विश्वासच बसेना.

"आप्पा, गाडी आत शेडमध्ये घ्यायची म्हणजे आत माणूस बसू देत नाही आम्ही," मी म्हटलं. नियम होताच, फक्त इतका मोठ्याने मी तो कधी सांगितला नव्हता. "कुणालाच नाही. अगदी आमच्या मालकांनासुद्धा नाही." आणि मी पुढे झाले, दिनेशला "बाजूला हो रे बाळा" म्हटलं आणि बाहेरून दार उघडलं.

दोघी उतरल्या. मी त्यांना बायकांच्या बाथरूमकडे न्यायला वळले तेवढ्यात रशीदभाईंनी मला बोनेटपाशी बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, पाइप सगळे शाबूत आहेत. कूलंटच्या टाकीचं झाकणच नाही. हे गळून पडत नसतं. कुणीतरी फिरवून काढलंय."

इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या टाकीत असतं, तिचं झाकण दाबून बसलेलं असतं म्हणून ते पाणी आत टिकतं. झाकण नसेल तर ते उकळून उडून जातं आणि थोड्या अंतरावर गाडी जागीच बसते. म्हणजे ही गाडी बसवली होती. मी मयुरीकडे बघितलं. पोरगी शिकलेली, हुशार. हिचंच काम.

बाथरूमच्या बाहेर हात धुवायची जागा आहे, तिथे मी तिला गाठलं. "मयुरी, काल आवाज बदलून मला फोन तू केला होतास ना?"

ती गोंधळली. "कोणता फोन? अक्का, माझा फोन घरात काढून घेतलाय. किती दिवस मी खोलीच्या बाहेर नाही." मग तिचं भडभडून सुरू झालं. बऱ्हाणपूरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलवाल्याला आप्पांनी तिच्या लग्नाचा शब्द दिला होता. मुलगा तिला एकदाच दाखवला. तिने नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. धुळ्याच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती, हजर व्हायची मुदत सरत आली होती. आज साखरपुडा आणि लगेच हळद. "अक्का, मला कुणाबरोबर पळून जायचं नाहीये. कुणीच नाहीये तसं. मला फक्त कामावर जायचंय."

"मग फोन कुणी..."

"तो फोन मी करेल व्हता."

मागे काकू उभ्या होत्या. मला वाटलं होतं त्या लेकीवर पाळत ठेवायला आल्या. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि तीतून एक काळं प्लास्टिकचं झाकण काढून माझ्या हातात दिलं.

"झाकन बी मीच काढं. सकाळ्‌मा, गाडीले हळदकुंकू लावाले गयथू तवय."

ज्या बाईने माझ्याकडे कधी चहा मागितला नाही, तिने बोनेट उघडून, नेमकं झाकण ओळखून, फिरवून काढलं होतं, आणि वर हळदकुंकू लावून गाडीत येऊन बसली होती.

"गाडी बंद पडनी म्हंजे हाई मानूस तुम्हलेच फोन करस," त्या म्हणाल्या. "दुसरा कोनावर त्यासना इश्वास नही." मग मयुरीचा हात धरून माझ्या हातात दिला. "इले जाऊ द्या. मी शे आठे."

मयुरी म्हणाली, "आई, तू पण चल."

"मी वनू ते तुना आप्पा लगेच उठतीन. मी दिसत राहिनू म्हंजे त्यासले वाटी, तू आतमा शे."

इतका विचार. मी चकित व्हायचं विसरून कामाला लागले. स्पेअर पार्टच्या खोलीतून मागच्या गल्लीत एक दार उघडतं. रशीदभाईंना सांगितलं, हिला पोलीस स्टेशनला पोचवायचंय, मुलगी सज्ञान आहे, तिथे जबाब देईल. त्यांनी किल्ली घेतली, मग थांबले. "ताई, नेतो. पण सोबत एक बाई द्या. मी एकटा हिला घेऊन गेलो तर संध्याकाळपर्यंत गोष्ट भलतीच होईल, आणि ती आपल्या कुणाच्याच हातात राहणार नाही."

माझ्या मनात हे आलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या लगेच आलं. इतकी वर्षं शेजारी काम केलेल्या माणसाला असा विचार करावा लागतो, हा त्या दिवसाचा आणखी एक धक्का. कॅशवरची संगीता तडक उठली. पुढचं मी संगीताकडून ऐकलं. ठाण्यात आधी "वडिलांना बोलावू, समजूत काढू" असंच निघालं. मयुरी जागची हलली नाही. जबाब लिहून होईपर्यंत ती एकच वाक्य बोलत राहिली, "मी सज्ञान आहे आणि मला कामावर जायचंय." शेवटी एका महिला हवालदाराने साहेबांकडे बघून म्हटलं, "लिहून घ्या ना सर, ती काय चुकीचं बोलतेय?" संध्याकाळच्या आत रशीदभाई आणि संगीता तिला धुळ्याला मैत्रिणीच्या खोलीवर सोडून परत निघाले होते.

इकडे काकू कूलरसमोर पदर सावरून बसल्या होत्या. आप्पांनी दोनदा विचारलं, "मयुरी?" त्या म्हणाल्या, "उलटी व्हयी ऱ्हायनी तिले." मी गाडीत नवं कूलंट भरून घेतलं. झाकण मीच लावलं, ते परत आलेलं झाकण. गाडी सुरू झाली.

"चला, मयुरीला हाक मारा," आप्पा उठले.

आता सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आप्पा, मयुरी इथे नाही. ती पोलीस ठाण्यात गेली आहे. स्वतःच्या पायाने."

दिनेश माझ्या अंगावर धावून आला. आमची पोरं मध्ये पडली. आप्पा मात्र जागेवर उभे होते. ते मला म्हणाले, "अक्का, मी तुम्हाला घरचं माणूस समजत होतो. तुम्ही माझ्या घरात हात घातला. गाडी पण तुम्हीच बंद पाडली का?"

"नही," काकू म्हणाल्या. "गाडी मी बंद पाडी."

हातोडी चालवणारा डेंटर थांबला. आप्पांनी बायकोकडे अशा नजरेने बघितलं, जणू त्यांच्या घरात इतकी वर्षं भलतंच कुणी राहत होतं. "तू?" एवढंच म्हणाले. मग बाकावर बसले. माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाचं तोंड उतरत गेलं. मला त्याचा संताप आला होता, आणि तरी मी त्याला पाणी दिलं. त्याने ते घेतलंही. रक्ताने भिजलेल्या त्या सीटवर एका अनोळखी पोराला घेऊन गेलेला माणूस हाच, आणि त्याच सीटवर पोटच्या पोरीला कोंडून नेणाराही हाच. हे दोन मला तेव्हा जुळवता आले नाहीत, आजही येत नाहीत.

मला काकूंची काळजी वाटत होती. मी म्हटलं, "आज तुम्ही माझ्या घरी चला." त्या म्हणाल्या, "आज नही गऊ ते मंग कधीच नही जाता येवाव." आणि उठून गाडीकडे गेल्या. दिनेश सवयीने मागचं दार धरून उभा होता. त्या त्याच्यापुढून गेल्या, पुढचं दार उघडलं आणि आप्पांच्या जागेवर बसल्या. पट्टा लावायला जमेना. मी वाकून लावून दिला. आप्पा काही वेळ बाहेर उभे राहिले, मग मागे जाऊन बसले. गाडी बऱ्हाणपूरकडे न जाता अमळनेरच्या बाजूला वळली, तोवर मी गेटवर उभी होते.

आप्पांची गाडी त्यानंतर आमच्याकडे आली नाही. कळत राहिलं ते इकडून तिकडून. घरात बरेच महिने अबोला होता. बऱ्हाणपूरवाल्यांनी अद्वातद्वा बोलून घेतलं. मयुरी धुळ्याला नोकरीवर हजर झाली आणि अजून तिथेच आहे. तिने मला एकदा विचारलं, आप्पांना क्षमा करायची का. गाडीचं विचार, घरचं विचार, मी काहीतरी सांगते. या वेळी मात्र म्हटलं, हे तुझं तूच ठरव.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाल्यावर धुळ्याला गेले होते, तेव्हा तिच्या खोलीवर काकू भेटल्या. एसटीने एकट्या येतात, महिन्यातून एकदा, लेकीला शेवभाजी करून घालायला. आप्पा बसस्टँडपर्यंत सोडायला येतात, पुढे येत नाहीत. मी त्यांना जे विचारायचं राहून गेलं होतं ते विचारलं. "काकू, सगळ्या इंजिनात नेमकं ते झाकण तुम्हाला कसं ठाऊक?"

त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्हीच ते सांगेत यासले. दर खेपले. पानी कोठे टाकतस, झाकन कसं लावतस, नही लावं ते काय व्हस. बठ्ठं सांगेत."

"मी आप्पांना सांगायचे."

"हा," त्या म्हणाल्या, "पन मांगे बशीसन ऐकाशिवाय माले दुसरं काय काम व्हतं?"